रासेमाबाई आणि शाळेतलं मधलं दार

झेलेन्का नदी भूगोलाच्या कुठल्याच पुस्तकात नव्हती. दर सप्टेंबरला रासेमाबाई डेलालिच नवं पुस्तक हातात घ्यायच्या, मनातल्या मनात बिस्मिल्ला म्हणून पहिलं पान उघडायच्या, आणि पाचव्या मिनिटाला त्यांचा आवाज जिन्यापर्यंत ऐकू जायचा.

"नाईल आहे! मिसिसिपी आहे! जिथं तुमच्यातला एकही जण आयुष्यात पाय ठेवणार नाही, तिथली नदी आहे. आणि जी तुमच्या आजीच्या तळघरात शिरून मिरच्यांच्या बरण्या उचलून नेते, ती नाही. का नाही?"

मुलं गप्प बसायची. बाईंच्या या प्रश्नाला उत्तर द्यायचं नसतं हे थोरल्या भावंडांनी त्यांना आधीच सांगून ठेवलेलं असायचं.

मधल्या दाराच्या पलीकडे, दुसऱ्या शाळेत, भूगोलाचं पुस्तक निराळं होतं. इतिहासाचंही निराळं. युद्ध दोन्हीकडे शिकवत, पण एकाच युद्धाची दोन नावं, दोन सुरुवाती, आणि मेलेले फक्त आपापले. नकाशांचे रंगसुद्धा निराळे. झेलेन्का मात्र त्यांच्याही पुस्तकात नव्हती. एवढ्या एका बाबतीत दोन्ही पुस्तकांचं एकमत होतं.

यासेनिक गावाचं माध्यमिक विद्यालय म्हणजे खरं तर एकच इमारत, डोंगराच्या उतारावर नदीकडे तोंड करून बांधलेली. युद्धानंतर तिच्यात दोन शाळा झाल्या. डोंगराकडचा अर्धा भाग बोस्नियाकांचा, म्हणजे बोस्नियातल्या मुसलमानांचा, नदीकडचा कॅथलिक क्रोएटांचा. दोन मुख्याध्यापक, दोन शिक्षकखोल्या, दोन घंटा. त्या घंटाही पाच मिनिटांच्या फरकानं वाजायच्या, म्हणजे सुट्टीत पोरं समोरासमोर यायला नकोत. बॉयलर तेवढा एकच राहिला होता. तो तळघरात होता आणि त्याचे दोन तुकडे करता आले नव्हते. योझो नावाचा माणूस त्यात कोळसा टाकायचा आणि ऊब दोन्हीकडे जायची.

तळमजल्याच्या लांबलचक वाटेच्या मध्यावर एक लोखंडी दार होतं. त्याला दोन कुलपं होती, एक अलीकडून, एक पलीकडून. दार उघडायचं तर दोन्ही मुख्याध्यापकांनी एकाच वेळी आपापली किल्ली घेऊन यायला हवं. तशी वेळ कधी आली नव्हती.

रासेमाबाई याच इमारतीत शिकल्या तेव्हा हे दार नव्हतं. त्यांचे वडील हिल्मो लाकडाच्या गिरणीत करवतीवर कामाला होते. त्यांनी पोरीला शिकायला सरायेव्होला धाडलं, तेव्हा वसतिगृहाच्या खोलीत दुसऱ्या खाटेवर यासेनिकचीच इव्का लोव्रिच निघाली. चार वर्षं दोघींनी एक इस्त्री आणि एक हिवाळी कोट वापरला. ज्या दिवशी एकीची तोंडी परीक्षा, त्या दिवशी कोट तिचा. दोघी भूगोल शिकून परत आल्या आणि एकाच शाळेत लागल्या. रासेमानं साफेतशी लग्न केलं. तो जमिनीची मोजणी करणारा, तालुक्यातली प्रत्येक टेकडी पायाखालून घातलेला. युद्धात तो अशाच एका टेकडीवर गेला. तिची उंची त्यानंच मोजून नकाशात भरली होती. तो तिथंच राहिला.

युद्ध संपल्यावर दोन मुलांना घेऊन बाई परत आल्या. शाळेत पहिल्या दिवशी त्या लोखंडी दारासमोर उभ्या राहिल्या. "हे काय आहे?" त्यांनी विचारलं. तेव्हाचे मुख्याध्यापक म्हणाले, "तात्पुरतं आहे, बाई." त्या तात्पुरत्याला आता पंचवीस वर्षं झाली होती. इव्का पलीकडे नोकरीला होती. दोघी बाजारात भेटल्या की गुडघेदुखीवर बोलायच्या, नातवंडांवर बोलायच्या. शाळेचं नाव कुणीच काढायचं नाही.

निवृत्तीच्या आधीच्या शेवटच्या वर्षी, ऑक्टोबरात, बाईंनी साफेतची मोजणीची दुर्बीण माळ्यावरून काढली. तिपाई काढली, लाल-पांढरी उंच पट्टी काढली, आणि शेवटच्या वर्षाच्या वर्गाला रस्त्यावर आणलं.

"पुस्तकात नदी नाही ना? मग आपण घालू," त्या म्हणाल्या.

रेल्वे स्टेशनच्या भिंतीत समुद्रसपाटीपासूनची उंची सांगणारी एक जुनी लोखंडी खूण आहे. तिथून सुरुवात केली. तीन दिवस पोरं पट्टी धरत, आकडे वाचत, भांडत पुढं सरकत होती. लोक खिडक्यांतून बघत होते. लामिया नावाची बेकरीवाल्याची मुलगी आकडे लिहायला बसली होती. ती हुशार होती आणि तोंडानं फटकळ.

"बाई, आठ वर्षांपूर्वीचा पूर आमच्या बेकरीत कुठवर आला होता ते भिंतीवर दिसतं. तोही आकडा घेऊ?"

"घे."

पुराच्या रेषेची उंची निघाली दोनशे एकोणनव्वद मीटर आणि साठ सेंटिमीटर. मग शाळेचं वरचं पटांगण मोजलं, डोंगराकडचं. दोनशे त्र्याण्णव. मग पोरं रस्त्यानं वळसा घालून खालच्या पटांगणाच्या कुंपणाशी गेली. ते दुसऱ्या शाळेचं, नदीकडचं. आत जायला परवानगी नव्हती, म्हणून पट्टी कुंपणावरून आत सोडली.

लामियानं वजाबाकी केली. खोडली. पुन्हा केली.

"बाई, हे दोनशे सत्याऐंशी चाळीस येतंय."

"बरोबर आहे."

"म्हणजे पुराच्या रेषेपेक्षा दोन मीटर वीस खाली."

कुंपणाच्या आत एका खांबावर हिरवी पाटी होती. तिच्यावर चार बाण मधोमध वळलेले, आणि खाली लिहिलेलं होतं: संकटकाळी सर्वांनी इथं जमावं.

बाई त्या पाटीकडे बघत राहिल्या. हळूहळू त्यांची मान लाल होत गेली. हे बघून पोरं दोन पावलं मागं सरकली.

दुसऱ्या दिवशी सकाळीच बाईंनी आपल्या मुख्याध्यापकांचं दार ठोठावलं. कासिम झुकिच म्हणजे बाईंचाच जुना विद्यार्थी. नकाशावर दक्षिण वर दाखवून एकदा वर्गाबाहेर उभा राहिलेला.

"बसा बाई, कॉफी सांगतो."

"कॉफी नको. दुसऱ्या शाळेची संकटकाळची जागा पुराच्या पाण्याखाली आहे. दोनशे अठ्ठ्याहत्तर मुलं आहेत. पाणी आलं तर समोर नदीकाठचा रस्ता, तोही बुडतो. मागं चढायला भिंत. वर यायची वाट एकच, मधलं दार. ते उघडा."

कासिमनं डोळे चोळले. "बाई, त्यांचा आराखडा त्यांनी केलाय. आपला आपण."

"कुणी केलाय तो? कुठल्या गाढवानं?"

"समितीनं. प्रत्येक शाळेनं आपापल्या हद्दीतली जागा दाखवायची, असा नियम होता. त्यांच्या हद्दीत तीच जागा आहे."

"पाण्याला हद्द कळते का रे?"

"बाई, ती मुलं आपली नाहीत. त्यांनी मागितलं नाही तर आपण कसं—"

"मागितलं नाही म्हणून बुडू द्यायची?" बाईंनी टेबलावर हात आपटला. त्याच्या कपातली कॉफी बशीत सांडली. "कासिम, मी तुला दिशा शिकवल्या. वर काय आणि खाली काय एवढं तरी तुला कळायला हवं होतं!"

कासिमनं बशीतली कॉफी परत कपात ओतली. तो वाईट माणूस नव्हता. पण किल्ली खिशातून काढायची म्हटलं की त्याच्या हाताला लकवा भरायचा.

शनिवारी बाजारात बाईंनी इव्काला कोबीच्या ढिगाशी गाठलं. आकड्यांचा कागद तिच्या पिशवीत कोंबला.

"वाच."

इव्कानं वाचला. ती बारीक, थकलेली बाई, गळ्यात लहानसा क्रूस. वाचून तिनं तो क्रूस मुठीत धरला.

"मला ठाऊक आहे, रासो."

"ठाऊक आहे? कधीपासून?"

"मीही भूगोलच शिकवते ना. उतार मलाही दिसतो."

"आणि गप्प बसलीस!"

"ओरडू नकोस, लोक बघतायत." इव्का आवाज खाली आणून म्हणाली, "आमचे मुख्याध्यापक, म्लादेनसर, म्हणतात, आपण त्यांचं पटांगण मागितलं तर आपण त्यांच्या घरी पाहुणे ठरतो. आज पटांगण मागितलं, उद्या म्हणतील अख्खी शाळाच एक करा. मग आपली भाषा गेली, आपलं पुस्तक गेलं. मला अजून दोन वर्षं नोकरी आहे. माझा जावई जर्मनीत, मुलगी माझ्यापाशी. मला हे झेपणार नाही."

"तुझी नात कुठल्या शाळेत आहे?"

इव्कानं एक कोबी उचलून हातात तोलला.

"खालच्या पटांगणात उभी राहते ना ती? तुझी नात?"

"पुरे कर, रासेमा." तिनं कोबी तसाच टाकला आणि निघून गेली. बाई तिच्या पाठीमागं ओरडल्या नाहीत. एरवी ओरडल्या असत्या.

तेव्हा लोकशाही आणि मानवी हक्क नावाच्या विषयाचे तासही बाईंकडेच होते, कारण तो विषय घ्यायला दुसरं कुणी तयार नव्हतं. त्या पुस्तकात राज्यकारभाराची एक सुरेख आकृती होती. खाली पालिका, तिच्यावर प्रांत, त्याच्यावर संघराज्य, सगळ्यांत वर देश. चौकटी निळ्या, बाण लाल. बाई म्हणाल्या, "ही आकृती पाठ करू नका. चालते का ते बघू." वर्गानं पत्र लिहिलं, आकडे जोडले, आणि चारही चौकटींना धाडलं.

पालिकेचं उत्तर आलं: शाळा हा विषय प्रांताकडे. प्रांताच्या शिक्षण खात्याचं आलं: पुरापासून बचाव पालिकेकडे. संघराज्याकडून आलं: पत्र प्रांताकडे पाठवलं आहे. देशाच्या कार्यालयाचं पत्र सगळ्यांत जाड कागदावर होतं. त्यात एकच ओळ होती, की शिक्षणाविषयी बोलण्याचा आम्हाला अधिकार नाही.

लामियानं फळ्यावर आकृती काढून पत्रांचा प्रवास लाल खडूनं दाखवला. रेघ गोल गोल फिरून जिथून निघाली तिथंच आली.

"बाई, एक विचारू?"

"विचार."

"मग नदी कुणाच्या खात्यात येते?"

वर्ग हसला. बाई हसल्या नाहीत. त्या खिडकीशी गेल्या आणि बराच वेळ पाठमोऱ्या उभ्या राहिल्या. त्यांना हुंदका आलेला नव्हता. आपला आवाज पुन्हा माणसासारखा व्हावा, याची त्या वाट बघत होत्या.

मार्चमध्ये वर्षाचा बचाव सराव आला. तो प्रांताच्या हुकमानं दोन्ही शाळांत एकाच दिवशी असतो आणि बघायला एक तपासनीस येतो. तिकडची घंटा आधी वाजली, पाच मिनिटांनी इकडची. इकडची सगळी मुलं रांगेनं वरच्या पटांगणात गेली. बाईंचा वर्ग मात्र गेला नाही. सव्वीस मुलामुलींना घेऊन बाई पुढच्या फाटकातून रस्त्यावर उतरल्या, बाजारपेठेला वळसा घातला आणि सात मिनिटांनी खालच्या पटांगणाच्या फाटकाशी आल्या. फाटक सरावासाठी उघडं होतं.

खाली दुसऱ्या शाळेची मुलं रांगेत उभी होती. मार्चचा पाऊस पडून गेलेला, पटांगणात घोट्याएवढा चिखल. बाईंनी आपला वर्ग सरळ त्यांच्या शेजारी उभा केला.

म्लादेनसर धावत आले. भले उंच, टाय वाऱ्यानं खांद्यावर गेलेला. "डेलालिचबाई! हे काय चाललंय? ही आमची जागा आहे."

"माहीत आहे. सुरक्षित आहे ना?"

"म्हणजे काय?"

"तुमच्या पाटीवर लिहिलंय, संकटकाळी इथं जमावं. सुरक्षित असेल म्हणूनच लिहिलंय ना? तुमच्या मुलांना चालते, तर माझ्याही मुलांना चालेल. मी नाही हलत."

"तपासनीससाहेब, ह्यांना सांगा!"

तपासनीस हातातल्या कागदावर काही शोधत होता. अशा प्रसंगासाठी त्याच्याकडे रकाना नव्हता.

इव्का आपल्या वर्गापुढं हजेरी छातीशी धरून उभी होती. तिची नात तिसऱ्या रांगेत, चिखलातले नवे बूट बघत. इव्काचे आणि बाईंचे डोळे भिडले. इव्कानं आधी डोळे खाली घातले.

मागून एक पोरगा ओरडला, "ए लामिया, पाव आणलास का?" "पुढच्या पुरात तरंगत येईल, पकड!" लामियानं उलट ऐकवलं. दोन्ही रांगा खिदळल्या. म्लादेनसरांनी सगळ्यांना गप्प केलं.

बाईंचा वर्ग तिथं पूर्ण पाऊण तास उभा राहिला. घरी जाताना प्रत्येकाचे बूट चिखलानं भरलेले होते. बाईंना नेमकं तेच हवं होतं.

दुसऱ्या दिवशी आठ वाजता पालक आले. लामियाचा बाप सगळ्यांत पुढं, ॲप्रनवर पीठ तसंच.

"माझ्या पोरीला खड्ड्यात उभं केलंत? आठ वर्षांपूर्वी तिथं माणूस बुडेल एवढं पाणी होतं! तुम्हाला अक्कल आहे की नाही, बाई?"

"खरंच तिथं माणूस बुडेल?"

"मी डोळ्यांनी पाहिलंय!"

"मग लिहून द्या."

"काय?"

"हेच लिहून द्या. की ती जागा जिवाला धोक्याची आहे, तिथं मूल उभं करणं गुन्हा आहे. सगळ्यांनी सह्या करा."

रागाच्या भरात त्यांनी लिहून दिलं. सव्वीस घरांच्या एकतीस सह्या झाल्या. कागद हातात आल्यावर बाई खुर्चीवरून उठल्या, आणि मग त्यांचा जो आवाज चढला तो योझोनं तळघरात बॉयलरशी ऐकला.

"पाऊण तास! तुमची लेकरं तिथं पाऊण तास उभी राहिली तर तुम्हाला रात्रभर झोप लागली नाही. दोनशे अठ्ठ्याहत्तर लेकरं वर्षानुवर्षं तिथं उभी राहतायत, तेव्हा कुठं होतात? ती चिखलाची बनलीत? देवानं त्यांना कल्ले दिलेत श्वास घ्यायला?"

बेकरीवाल्यानं ॲप्रनला हात पुसले. मग म्हणाला, "बाई, आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं."

"तुम्ही कधी त्या कुंपणापलीकडे बघितलंच नव्हतं."

तो कागद बाईंनी तपासनिसाच्या खात्याला धाडला, नोंदणी करून. आता मामला उलटा झाला होता. एका बाजूच्या पालकांनीच सहीनिशी लिहून दिलं होतं की दुसऱ्या बाजूची जागा जीवघेणी आहे. उद्या पाणी आलं तर हा कागद कुणाच्या टेबलावर होता, असा प्रश्न विचारला जाणार होता. तीन आठवड्यांत हुकूम निघाला. मधल्या दाराची कुलपं काढा, ढकलताच उघडणारा लोखंडी दांडा बसवा, दोन्ही शाळांची जमण्याची जागा वरचं पटांगण.

त्याच पाकिटात दुसरा कागद होता. विद्यार्थ्यांना परवानगीशिवाय शाळेच्या हद्दीबाहेर नेल्याबद्दल रासेमा डेलालिच यांना लेखी ताकीद. सदतीस वर्षांच्या नोकरीतली पहिली. बाईंनी ती दुमडून इमारतीच्या नकाशांबरोबर कपाटात ठेवली.

दार बसवायला माणसं आली तेव्हा दोन्ही मुख्याध्यापक आपापल्या बाजूला हजर होते. दारावर 'बाहेर' अशी पाटी हवी होती. दोन्ही भाषांत तो शब्द अक्षरशः एकच. तरी पाटीवर तो दोनदा लिहिला गेला, एकाखाली एक. मग प्रश्न आला भोंग्याचा. कुणी विनाकारण दार उघडलं तर कळावं म्हणून दाराला भोंगा जोडायचा होता.

"वाजणार कुठं?" कासिमनं विचारलं.

"आमच्याकडं," म्लादेनसर पलीकडून म्हणाले. "तुमची पोरं आमच्याकडं घुसली तर आम्हाला कळायला हवं."

"आणि तुमची आमच्याकडं घुसली तर?"

तारा जोडणारा माणूस शिडीवर कंटाळून बसला होता. "दोन्हीकडं जोडू का, साहेब? सगळ्या वर्गांत वाजेल. मग भांडण नको."

"जोडा," दोघंही एकदम म्हणाले. एकमेकांवर भरवसा नसल्यामुळं पंचवीस वर्षांत पहिल्यांदाच त्यांचं एकमत झालं.

योझोनं हे बाईंना सांगितलं. "बाई, तुमचं काम झालं."

"काय झालं? दार बसलं. सराव कुठं झालाय? ज्या दारातून एकदाही गेली नाहीत, त्या दाराकडं ती पोरं घाबरल्यावर धावतील का? ती धावतील खाली, पंचवीस वर्षांच्या सवयीनं!"

आणि सराव होईना. म्लादेनसर म्हणत, आमची मुलं पटांगणात पहिली उभी राहतील. कासिम म्हणे, पटांगण आमचं आहे. उजवी बाजू कुणाची, डावी कुणाची, यावर चार बैठका झाल्या. एप्रिल गेला, मे गेला. झेलेन्का दोनदा फुगली आणि ओसरली. दोन्ही वेळा बाई पुलावर जाऊन पाणी बघून आल्या, जपमाळेचे मणी ओढत. ओठांवर देवाचं नाव होतं, पण भुवया काही सैल होत नव्हत्या. हे मी संपवून जाईन, असं त्यांनी साफेतच्या कबरीपाशी सांगितलं होतं. जूनच्या दहा तारखेला त्यांचा शेवटचा दिवस होता.

त्या दिवशी शिक्षकखोलीत पालकाची भाजी भरून भाजलेली पिठा मांडली होती, कॉफी उकळत होती. कासिम भाषणाचा कागद घेऊन उभा होता. "आपल्या आदरणीय बाई, ज्यांनी आम्हाला जग दाखवलं—"

"जग राहू दे," बाई म्हणाल्या. "सरावाची तारीख काय ठरली ते सांग."

"बाई, आज तरी..."

"आजच सांग. उद्या मला इथं ओरडायला मिळणार नाही."

कासिमनं कागद खाली केला. "सप्टेंबरात बघू, असं ठरलंय."

"आणि ऑगस्टात पाऊस पडणार नाही, असंही बैठकीत ठरलंय का?"

त्याच वेळी तळमजल्यावर इव्का लोव्रिच आपल्या वर्गातून बाहेर पडली. वर्गाला तिनं सांगितलं, जागचे हलू नका, मी आले. मग थांबली, मागं वळली आणि म्हणाली, "नाही. भोंगा वाजला तर हला. आराखड्यात लिहिलंय तसं. वर." तिच्या हातात रुमालात बांधलेली राहत लोकुम या मिठाईची बशी होती, गुलाबाच्या वासाची, कॉफीबरोबर खायची. ती लांब वाटेनं चालत मधल्या दारापाशी आली. योझो तळघराच्या जिन्यावर उभा होता. त्यानंच नंतर सगळ्यांना सांगितलं.

"लोव्रिचबाई, भोंगा आहे त्याला."

"ठाऊक आहे, योझो."

तिनं क्रूसाची खूण केली, एका हातात बशी सांभाळली आणि दुसऱ्या हातानं दांडा ढकलला.

भोंगा दोन्ही शाळांत, चोवीस वर्गांत, दोन्ही शिक्षकखोल्यांत एकदम वाजला. शिक्षकांना काही कळायच्या आत मुलं उठली. त्यांना हुकूम पाठ होता. खालच्या बाजूची काही मुलं सवयीनं खाली निघाली, जिन्यात थबकली, आणि इव्काच्या वर्गाच्या मागं उलट फिरली. मधल्या दारात गर्दी झाली. बशी सांडली, तुकडे पायांखाली गेले. त्या गोड चिकट फरशीवरून खालची दोनशे अठ्ठ्याहत्तर पोरं वर निघाली. उजवी बाजू कुणाची, डावी कुणाची, हे कुणी विचारलं नाही. म्लादेनसर दाराशी उभे राहून ओरडत होते, "परत फिरा! परत फिरा!" त्यांचं ओरडणं भोंग्यात ऐकू येत नव्हतं.

रासेमाबाई पहिल्या आवाजालाच खिडकीशी गेल्या होत्या. कासिम किंचाळला, "कुणी उघडलं? कुणी?" बाईंनी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. त्यांनी मनगटावरचं घड्याळ डोळ्यांजवळ आणलं होतं आणि ओठ हलत होते. शेवटची रांग वर आली तेव्हा त्या जिन्यावरून खाली उतरल्या, दुखऱ्या गुडघ्यांनी, कठड्याला धरून, आणि पटांगणाच्या मधोमध जाऊन उभ्या राहिल्या.

गर्दीतून इव्का पुढं आली. केस विस्कटलेले, हातात रिकामी बशी. ती काहीतरी बोलणार होती. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. कदाचित तिला वाटलं असेल की आता रासेमा गळ्यात पडेल.

"सहा मिनिटं दहा सेकंद!" बाई कडाडल्या. भोंगा नुकताच थांबला होता आणि त्यांचा आवाज साऱ्या पटांगणावर गेला. "सहा मिनिटं! झेलेन्का साडेतीन मिनिटांत कुंपण ओलांडते. तुमच्यातले निम्मे आत्ता पाण्यात आहेत. जिन्यात कोण थांबलं होतं? कुणी खाली पाय टाकला?"

लामियानं कुणाकडं तरी बोट दाखवलं आणि तो पोरगा म्हणाला, "बाई, सवय हो."

"सवय मोड. इव्का, तुझा वर्ग पुढं लागेल, त्यांना वाट ठाऊक आहे. कासिम, त्या म्लादेनला दारातून बाजूला कर, वाट अडवून उभा आहे तो. सगळ्यांनी आपापल्या वर्गात जा." बाईंनी घड्याळाला किल्ली दिली. "पुन्हा करायचंय."